विहिरीतलं अस्वल कसं निघालं

बायनाबाई दुकानासमोर येऊन उभी राहिली तेव्हा गुणवंतराव रामटेके दाराची एक फळी काढून दुसरीला हात घालत होते. सत्तरीची म्हातारी, एका हातात काठी, काखेत पुस्तक. तिला अक्षर ओळखता येत नाही हे सगळ्या वॉर्डाला ठाऊक होतं, त्यामुळे तिच्या काखेत पुस्तक पाहून गुणवंतरावांना आधी आनंदच झाला.

"बापू," ती म्हणाली, "तो अस्वल निंगला का नाई, तेवढं सांग. मले काई सुचून नाई राह्यलं."

अस्वल विहिरीत होतं, आणि विहीर पुस्तकात होती. 'विहिरीतलं अस्वल' नावाचं हे बत्तीस पानांचं रंगीत पुस्तक गुणवंतरावांच्या दुकानात आठ दिवसांपूर्वीच नागपूरहून आलं होतं. चाळीस प्रती आल्या आणि आठ दिवसांत छत्तीस खपल्या. गडचिरोलीत मुलांचं पुस्तक असं खपल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. गुणवंतरावांनी तर नाहीच.

गडचिरोली जिल्हा होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. बायकोची, शिक्षिका आशाबाईंची, बदली इथल्या शाळेत झाली, म्हणून गुणवंतराव माजरीच्या खाणीतली हजेरी कारकुनाची नोकरी सोडून त्यांच्यामागे आले आणि बस स्टँडच्या रस्त्याला त्यांनी 'मैत्री पुस्तक भांडार' उघडलं. जून-जुलैत शाळेची पुस्तकं धडाधड जात. पोळा झाला की दुकानात माशाही बसायला येत नसत. मुलांच्या पुस्तकांचं कपाट ही आशाबाईंची कल्पना. संध्याकाळी स्वयंपाक होईस्तोवर घरातल्या एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा, असं त्या प्रत्येक पालकसभेत सांगत. गुणवंतरावांचा या कपाटावर फारसा विश्वास नव्हता. दिवाळीपर्यंत ते रिकामं झालं नाही तर अर्ध्या दुकानात चपला ठेवायच्या, असं नवराबायकोचं ठरलं होतं. चपलांच्या व्यापाऱ्याशी बोलूनही ठेवलं होतं.

गुणवंतरावांचा एक दोष मात्र कोणालाच ठाऊक नव्हता. ते मुलांची पुस्तकं वाचत नसत. मोठी चरित्रं ते समास सोडून सगळं वाचत, वर्तमानपत्र तर जाहिरातींसकट. पण गोष्टी वाचणं हे लहान पोरांचं काम, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. आणि विकताना मात्र ते हमखास म्हणत, "मी सोता वाचलं हाय हे. शेवट तं असा हाय, का काय सांगू. पन सांगत नाई." हे वाक्य त्यांना कधी सुचलं ते आठवत नव्हतं, पण छत्तीस प्रती त्याच वाक्यावर गेल्या होत्या. आशाबाईंनी तर वर्गात सांगून टाकलं होतं, की आमच्या घरचे प्रत्येक पुस्तक वाचून मगच विकायला ठेवतात.

आता बायनाबाईनं पुस्तक पुढं केलं. तिचा मुलगा खुशाल कलेक्टर ऑफिसात चपराशी होता. त्यानं काल संध्याकाळी चुलीजवळ बसून सगळ्या घराला ते वाचून दाखवलं होतं. सोळाव्या पानाच्या शेवटी अस्वल विहिरीत गळ्यापर्यंत बुडालेलं होतं आणि पुढं लिहिलं होतं, 'तेवढ्यात विहिरीच्या काठावर कोणीतरी आलं. अस्वलानं मान वर केली, आणि पाहतं तर काय,'

गुणवंतरावांनी पान उलटलं. सतराव्या पानावर होतं, 'गादमाशीची अळी धानाच्या शेंड्यात शिरून आतील भाग खाते. त्यामुळे चंदेरी पोंगे दिसू लागतात.' अठराव्या पानावर अळीचं मोठं करून काढलेलं चित्र होतं. तिथून बत्तिसाव्या पानापर्यंत करपा, तुडतुडे आणि फवारणीचं प्रमाण होतं.

बायनाबाई म्हणाली, गादमाशी आली इथपर्यंत तिला पटलं. काठावर कोणीतरी यायचंच होतं. पण माशीनं एवढ्या मोठ्या अस्वलाला बाहेर कसं काढलं, ते खुशालला काही सांगता येईना. आणि नंतर तर माशीवर औषधच फवारायला सांगितलं होतं, ते तिला बिलकुल आवडलं नव्हतं.

इथं गुणवंतरावांनी खरं सांगायला हवं होतं. छापखान्यात फर्म्यांची, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या जुडग्यांची, अदलाबदल झाली आहे, पुस्तक परत द्या, एवढं म्हटलं की संपलं असतं. पण म्हातारी त्यांच्याकडे अशा विश्वासानं पाहत होती, की त्यांची जीभ उचलेना.

"तू तं वाचलं हाय ना," ती म्हणाली.

"वाचलं ना," गुणवंतराव म्हणाले. "निंगला तो."

"कसा?"

समोरच्या चिंचेवर वानरं बसली होती. गुणवंतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. "वांदरं आले," ते म्हणाले. "एकमेकाच्या शेपट्या धरल्या, साखळी केली, अन् खाली सोडली." बायनाबाईनं डोळे मिटून ते सगळं नीट पाहून घेतलं. मग काठी टेकत घरी गेली. गुणवंतरावांनी उरलेल्या चारही प्रती उघडून पाहिल्या. चारही विहिरींत गादमाशी होती.

दुपारी लटारू आला. हा जंगलखात्यात मजुरी करणारा माणूस. बोलायला सरळ आणि मानायला कठीण. त्याच्याही घरी पुस्तक वाचून झालं होतं. गुणवंतरावांनी तयार असलेली वानरं पुढं केली, तर लटारूनं मान हलवली. अस्वलाच्या जवळ वानर जात नाही, म्हणाला. तीन वर्षांपूर्वी त्याच्या गावच्या विहिरीत खरोखर अस्वल पडलं होतं, तेव्हा तो स्वतः तिथं हजर होता.

"सिडी सोडा लागते जी," तो म्हणाला. "अन् आपुन सारे दूर जा लागते. मानूस दूर गेला का अस्वल आपल्या मनानं वर येते."

गुणवंतराव म्हणाले, की पुस्तकातही शेवटी शिडीच आहे, वानरांनी नुसता प्रयत्न केला होता. लटारूला ते पटलं. पुस्तक लिहिणारा माणूस जंगलातला दिसतो, असं म्हणून तो गेला.

संध्याकाळी दवाखान्यातल्या नर्स मीराबाई आल्या. त्यांची धाकटी मुलगी अस्वलाची माय येईपर्यंत जेवणार नाही म्हणून बसली होती. मीराबाईंना वानरं नको होती आणि शिडीही नको होती. त्यांना पोरीनं जेवायला हवं होतं. गुणवंतरावांनी माय आणली. तिनं मोहाची लांब फांदी वाकवून विहिरीत सोडली आणि लेकराला ओढून घेतलं. मीराबाईंचे डोळे भरून आले, आणि खरं सांगायचं तर गुणवंतरावांचेही थोडे आले.

पुढच्या चार दिवसांत शिंप्यानं माप घ्यावं तसा गुणवंतरावांनी प्रत्येकाला त्याच्या अंगाला बसेल असा शेवट दिला. एका गुरुजींना तात्पर्य हवं होतं, म्हणून त्यांच्या अस्वलाला घरी न सांगता बाहेर गेल्याचा पश्चात्ताप झाला. एका हवालदाराला विहिरीला कठडा न बांधणारा माणूस सापडायला हवा होता. तो सापडला. नागपूरला पत्र टाकून खरी पानं मागवावीत असं गुणवंतरावांच्या रोज मनात येई. पण अस्वल पोस्टमास्तरच्याही घरी गेलेलं होतं, आणि पोस्टकार्ड उघडं असतं.

कोणाला काय सांगितलं हे विसरू नये म्हणून त्यांनी एक चिठ्ठी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. बायनाबाई, वानरं. लटारू, शिडी. नर्स, माय. हवालदार, कठडा. शनिवारी आशाबाईंनी तो सदरा धुवायला घेतला आणि चिठ्ठीचा लगदा झाला. त्याच दिवशी दुपारी खुशाल दुकानात आला. आईनं सांगितलेला शेवट त्याला काही पटत नव्हता, खरं काय ते त्यानं विचारलं. त्याच्या आईला कोणता शेवट दिला होता हे गुणवंतरावांना चिठ्ठीशिवाय आठवेना. चपराशी माणूस, व्यवहारी असणार, असं धरून त्यांनी त्याला शिडी दिली.

त्या संध्याकाळी बायनाबाई आणि खुशाल यांच्यात शिडीवरून जे सुरू झालं ते जेवणाच्या ताटापर्यंत गेलं. म्हातारी म्हणाली, मी खोटं बोलून राह्यली काय. खुशाल म्हणाला, दुकानदारानं मला तोंडानं सांगितलं. म्हातारीनं ताट सरकवलं. खुशालची बायको मधे पडली आणि दोघांनीही तिलाच ऐकवलं.

रविवारी बाजार. आसपासच्या गावांतून माणसं आलेली. बायनाबाई रागानं धुमसत भाजीच्या दुकानांपाशी उभी होती, तिथं तिला लटारू भेटला. तिनं त्याला सहज वानरांचं विचारलं. लटारूनं सहज शिडीचं सांगितलं. शेजारी मीराबाई वांगी निवडत होत्या. त्यांनी वांगं खाली ठेवून विचारलं, की अस्वलाच्या मायचं काय. हवालदार तिथूनच चालला होता. पाच मिनिटांत भाजीवाल्या बायांचंही दोन बाजूंनी मत पडलं, आणि त्यांनी तर पुस्तक पाहिलंसुद्धा नव्हतं. शेवटी ज्यानं वाचलं आहे त्यालाच विचारू, असं ठरून पंधरा-वीस माणसं पिशव्यांसकट मैत्री पुस्तक भांडाराकडे निघाली. वाटेत खुशालही आपलं पुस्तक घेऊन त्यांना येऊन मिळाला.

रविवार असल्यामुळे आशाबाई दुकानातच होत्या. गेले दोन दिवस शाळेत पोरं अस्वलावरून एकमेकांच्या पाट्या फोडत होती, आणि त्यांनी घरी विचारलं की गुणवंतराव काहीतरी काम आठवून परसात जात होते. आता रस्ता भरून माणसं येताना दिसली तेव्हा गुणवंतरावांना परसात जायलाही जागा नव्हती.

बायनाबाई सगळ्यांच्या पुढं. तिनं काठी दुकानाच्या पायरीवर टेकली आणि म्हणाली, "बापू, समद्यांसमोर एकदा सांगून दे. वांदरं का सिडी?"

"का माय," मागून मीराबाई म्हणाल्या.

गुणवंतरावांनी आशाबाईंकडे पाहिलं. त्या शांतपणे वाट पाहत होत्या. त्यांना काळजी वाटत नव्हती, कारण त्यांच्या नवऱ्यानं पुस्तक वाचलेलं होतं. तो शांतपणा गुणवंतरावांना त्या पंधरा-वीस माणसांपेक्षा जड गेला. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यातून काय निघणार होतं हे त्यांनाही माहीत नव्हतं. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत देवाजी पुढं आला.

देवाजी हा पलीकडच्या खेड्यातला धानवाला शेतकरी. त्याचा अस्वलाशी काही संबंध नव्हता. त्याच्या हातात सरकारी कार्यालयातून फुकट वाटलेली 'धानावरील रोग व किडी' ही पुस्तिका होती, आणि पुस्तकाचं दुकान म्हणून तो इथं विचारायला आला होता.

"भाऊ, माह्या धानाच्या बांधीत गादमाशी पडली हाय," तो म्हणाला. "औषध किती टाकाचं ते पाहून राह्यलो, तं पुढच्या पानावर हत्ती सोंड खाली सोडून राह्यला. आता हा हत्ती धानात टाकू का विहिरीत?"

कोणी हसलं नाही. आशाबाईंनी त्याच्या हातून पुस्तिका घेतली, शेल्फातलं 'विहिरीतलं अस्वल' काढलं, दोन्ही शेजारी उघडली आणि एकदा इकडं, एकदा तिकडं पाहिलं. चाळीस पोरांच्या वर्गात कोणी काय केलं हे पाठ फिरवूनही ओळखणारी बाई ती. तिला फार वेळ लागला नाही.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही हे वाचलं होतं ना?"

गुणवंतरावांनी सदऱ्याची गुंडी चाचपली. "नाही," ते म्हणाले. आणि एकदा बांध फुटल्यावर अर्धं पाणी अडवण्यात अर्थ नाही असं वाटून त्यांनी पुढचंही सांगितलं. "त्या कपाटातलं एकही पुस्तक वाचलं नाही. मुलांची आहेत म्हणून वाचली नाहीत."

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, तिची घुंगरं सगळ्यांना ऐकू आली. बायनाबाईनं बराच विचार करून विचारलं, की मग वानरं कुठून आणलीस.

"चिंचेवरून," गुणवंतराव म्हणाले.

आशाबाई पुढं एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी देवाजीची पुस्तिका हातात धरून खरा शेवट मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. काठावर आलेला तो हत्ती होता. त्यानं सोंड खाली सोडली, अस्वलानं ती धरली, हत्तीनं त्याला वर ओढलं. अस्वलानं आभार मानले आणि यापुढे स्वच्छ राहण्याचं वचन दिलं. सगळ्या प्राण्यांनी टाळ्या वाजवल्या. समाप्त.

टाळ्या फक्त पुस्तकातच वाजल्या. माणसं पिशव्या या हातातून त्या हातात घेत उभी राहिली. आधी लटारूच बोलला. "आपल्या जंगलात हत्ती कुठी हाय?" तो म्हणाला. "हायेत ते कमलापूरले, अन् ते लाकडं ओढून राह्यले. हत्ती आनाचा तं साहेबाले अर्ज करा लागते. तोपर्यंत अस्वल जिवंत राह्यते का?"

खुशालनं सांगितलं, की अर्ज केला तरी त्यावर शेरा पडायला पंधरा दिवस जातात. तो कलेक्टर ऑफिसातला असल्यामुळे त्यावर कोणी वाद घातला नाही. मीराबाईंना अस्वलाची माय शेवटपर्यंत आलीच नाही याचा राग आला होता. पोरीला आता हे सांगितलं तर ती पुन्हा जेवण सोडेल, म्हणाल्या. हवालदारानं कठड्याचं विचारलं. कठड्याचा पुस्तकात कुठं उल्लेखच नव्हता. आणि स्वच्छ राहण्याचा इथं काय संबंध, हे तर गर्दीतल्या गुरुजींनाही सांगता येईना.

"छापनारानंच चुकवलं," बायनाबाईनं निकाल दिला. "बापूनं सांगितलं तेच बरोबर हाय. वांदरंच आले."

"सिडी," लटारू म्हणाला, पण आता त्यात भांडण नव्हतं.

देवाजीला मात्र निकाल लागला नव्हता. त्याला औषधाचं प्रमाण हवं होतं. खुशालनं आपल्या पुस्तकाची मागची सोळा पानं टाचणीतून सोडवून त्याला दिली, आणि बदल्यात हत्ती घ्यायला साफ नकार दिला. देवाजीनं हत्ती दुकानाच्या पायरीवर ठेवला आणि गादमाशी घेऊन गेला. माणसं पांगली. पुस्तक मात्र कोणीही परत केलं नाही, हे गुणवंतरावांच्या त्या गडबडीत ध्यानात आलं नाही.

आशाबाई घरीही बोलल्या नाहीत. सोमवारी सकाळी शाळेत जाण्याआधी त्यांनी कपाटातली बारा पुस्तकं आणून गुणवंतरावांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि गेल्या. गुणवंतरावांनी अपराध्यासारखं पहिलं उघडलं. दुपारी दुकानात चौथं चालू असताना गिऱ्हाईक आलं, तर त्यांनी त्याला बोटानं थांबायची खूण केली. एक कोल्हा भयंकर अडचणीत सापडला होता. बुधवारी त्यांनी आशाबाईंना ती कोल्ह्याची गोष्ट वाचून दाखवायला घेतली. त्या भाकरी थापत होत्या, ऐकत नाही असं दाखवत होत्या. पण गुणवंतराव पाणी प्यायला मधेच थांबले तेव्हा त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पुढं?" घरातला अबोला तिथं संपला.

दुकानात मात्र नवंच सुरू झालं. उरलेल्या चार प्रती मंगळवारीच गेल्या होत्या. आता लोक येऊन शेवट नसलेलं अस्वल मागू लागले. बायनाबाईला एक वडशाला दिलेल्या लेकीकडे पाठवायचं होतं. लटारूच्या गावातून तिघांनी सांगून ठेवलं. घरोघरी सोळाव्या पानावर पुस्तक मिटून जो तो आपापलं अस्वल काढत होता. म्हातारे पोरांना सांगत, पोरं म्हाताऱ्यांना दुरुस्त करत, आणि तोवर भात शिजे. शेतकऱ्यांना तर मागची पानंही कामाची होती. चपलांच्या व्यापाऱ्याला आशाबाईंनी स्वतः जाऊन नाही म्हणून सांगितलं.

गुणवंतरावांनी नागपूरला बंद पाकिटातून पत्र लिहिलं. अगदी खरं खरं लिहिलं. मागच्या वेळी पाठवलेल्या प्रतींत पहिली सोळा पानं अस्वलाची आणि नंतरची सोळा धानाच्या किडीची होती, त्या इथल्या वाचकांना फार पसंत पडल्या. तरी तशाच आणखी पन्नास प्रती पाठवाव्यात. हत्ती नसावा. गादमाशी अवश्य असावी.

नवव्या दिवशी मोठं पार्सल आलं, वर पत्र होतं. आशाबाईंनी ते वाचून दाखवलं.

'सप्रेम नमस्कार. आपले पत्र मिळाले. त्यातील टोमणा आम्हास पूर्णपणे कळला. आमची मान खाली गेली आहे. इतक्या सौम्य शब्दांत इतके कठोर पत्र आम्हास आजवर कोणी लिहिले नव्हते. झाल्या चुकीबद्दल पन्नास निर्दोष प्रती विनामूल्य पाठवीत आहोत. प्रत्येक प्रतीतील हत्ती आम्ही जातीने तपासला असून तो पुन्हा निसटू नये म्हणून शेवटचा फर्मा टाचण्यांखेरीज डिंकानेही पक्का केला आहे.'

गुणवंतरावांनी पार्सलाची सुतळी सोडली. वरचं पुस्तक उघडून त्यांनी मागची पानं हलक्या हातानं ओढून पाहिली. प्रकाशक शब्दाला जागला होता, हत्ती जागचा हलत नव्हता. पायरीवर बायनाबाई वडशाच्या लेकीसाठी प्रत घ्यायला येऊन बसली होती, तिच्यामागे आणखी चौघं होते.

आशाबाईंनी पत्राची नीट घडी घातली. जन्मात त्यांनी पुस्तकाच्या पानाचा कोपरासुद्धा दुमडला नव्हता, कोणाला दुमडू दिला नव्हता. त्या उठल्या, आत गेल्या आणि शिवणाच्या डब्यातली कात्री आणून त्यांनी गुणवंतरावांच्या हातात दिली.